फोटोतलं हसू

“आणि साहेब, त्या असहाय अबलेनं आपले अश्रू उशीत लपवत एकेक दिवस...” इथवर हे आले आणि मी मशीन थांबवलं.

“काय झालं?” ह्यांचा एक हात हवेत तसाच राहिला होता.

“अबला कोण?”

“कोण म्हणजे? आपल्या गणिताच्या बाई.”

“त्या अख्ख्या नववीच्या वर्गाला नुसत्या नजरेनं गप्प करतात. तुम्ही त्यांना अबला म्हणालात की न्यायाधीश आधी त्यांच्याकडे बघतील आणि मग तुमच्याकडे.”

ह्यांनी हात खाली घेतला आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. युक्तिवादाची तालीम कुणी अर्ध्यावर तोडली की हे खिडकीशी जातात. मी हातातली पँट उलटी केली आणि तिचे टाके उसवायला घेतले.

हे म्हणजे आमचे वकीलसाहेब. घराला लागूनच माझं छोटं दुकान आहे. तिथे मी लोकांचे कपडे सैल, घट्ट, लांब, आखूड करून देते. आणि हे कोर्टात लोकांची भांडणं फक्त लांब करून देतात, असं ह्यांचे मित्र म्हणतात. कुंपणाच्या भिंती, गळकी छपरं, भाडेकरूंचे नळ आणि चावरी कुत्री, एवढ्यावर ह्यांची वकिली झाली. मोठा खटला कधी वाट्याला आला नाही आणि त्याची ह्यांना कधी खंतही वाटली नाही. गोष्ट सांगायला मिळाली की ह्यांचं पोट भरतं. कुत्रं चावल्याचा दावा असला तर हे त्या कुत्र्याच्या आईपासून सुरुवात करतात. वकिलांच्या खोलीत ह्यांना पाल्हाळराव म्हणतात, अगदी तोंडावर म्हणतात, आणि हे हसून ओ देतात. “वकीलसाहेब, मुद्द्यावर या” असं ह्यांना न म्हटलेला न्यायाधीश आमच्या कोर्टात झाला नाही. एकांनी तर निवृत्तीच्या समारंभात जाहीर सांगितलं, की पाल्हाळरावांच्या एका भिंतीचं पुढे काय झालं ते ऐकायचं राहूनच गेलं.

अशा माणसाकडे गणिताच्या बाई का आल्या, तर माझ्यामुळे. त्या माझ्या गिऱ्हाईक. लेक उंचीला भराभर वाढत होती, तिच्या शाळेच्या स्कर्टची कड उसवून घ्यायला त्या यायच्या. एकदा काम झालं, स्कर्ट पिशवीत गेला, तरी त्या उठेनात. टेबलावरच्या टाचण्या एकेक करून डबीत भरत बसल्या. मग म्हणाल्या, “काकू, काका कुंपणाशिवाय दुसऱ्या केसेस घेतात का हो?”

“गोष्ट असेल तर काहीही घेतात,” मी म्हटलं. कसली गोष्ट येणार आहे याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

बाईंचा नवरा चारचौघांत लाख माणूस. औषधाचं दुकान, तोंडात साखर, म्हाताऱ्याकोताऱ्यांना स्वतः घरी जाऊन गोळ्या पोचवणार. घरात मात्र त्याचं कधी काय बिनसेल याचा नेम नसे. चावी जागेवर नसली म्हणून, घंटा वाजल्यावर दार उशिरा उघडलं म्हणून, काहीच झालं नाही म्हणूनसुद्धा. एकदा बाईंचं मनगट मोडलं. शाळेत त्यांनी जिन्यावरून पडले म्हणून सांगितलं. एकदा पोलिसांत गेल्या आणि आठवड्यात तक्रार मागे घेऊन आल्या. शेवटी एका सकाळी लेकीला शाळेत सोडते म्हणून निघाल्या आणि शाळा सुटल्यावर दोघी भावाच्या घरी गेल्या. त्या परत गेल्या नाहीत. आता नवऱ्यानं मुलीचा ताबा मागितला होता. मुलगी त्याच्याकडे जाणार की बाईंकडे राहणार, एवढाच प्रश्न होता. बाईंना दुसरं काहीच नको होतं.

नवऱ्याचं म्हणणं सरळ होतं. माझं घर सुखी होतं, भावानं बाईच्या डोक्यात काहीतरी भरवलं. पुरावा म्हणून त्यानं एक फोटो दिला होता. तळ्याकाठी तिघं जण. मधे तो, दोन्ही हात पसरून. एका बाजूला बाई, मान मागे टाकून हसताहेत. दुसऱ्या बाजूला लेक, तीही हसतेय. फोटो मनगट मोडल्यानंतरच्या सुट्टीतला होता. असा फोटो बघून कुणीही म्हणेल, कसली मारहाण आणि कसलं काय.

त्यात न्यायाधीश कोण, तर नेमके ते प्रश्नवाले साहेब. वाईट नव्हते, हे मी आधीच सांगते. टापटिपीचे, वेळेचे पक्के, कुणाचं मिंधेपण नाही. पण घरात मार खाल्लेली बाई समोर आली की ते हटकून एक प्रश्न विचारत. “एवढा त्रास होता, तर राहिलात कशा?” त्या प्रश्नावर भल्याभल्या बायकांची बोबडी वळे. काय सांगणार? कुठून सुरुवात करणार? एक म्हणे मुलांसाठी, मग म्हणे सासूबाई चांगल्या होत्या, मग म्हणे तो सुधारेल वाटलं. तीन उत्तरं आली की साहेब निकालात लिहीत, साक्षीत मेळ नाही. बाई शिकलेली आणि कमावती असली तर विचारूच नका.

आणि नवऱ्यानं वकील दिले होते कातरी. कातरी हे त्यांचं टोपणनाव. साक्षीदाराचं वाक्य मधेच कापून “हो की नाही, एवढंच सांगा” म्हणण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. माणूस तसा घरी-दारी चांगला, माझ्याकडूनच कोट उसवून घेतो. पण कोर्टात उभा राहिला की कातरीच.

या सगळ्यावर ह्यांनी काढलेला तोडगा म्हणजे ती अबला. बाईंना पहिल्यापासून शेवटपर्यंत रडवायचं, आणि फोटोबद्दल सांगायचं की नवऱ्यानं धाक घालून हसायला लावलं होतं.

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर बाई आल्या. ह्यांनी मोठ्या उत्साहानं त्यांना सगळं म्हणून दाखवलं. बाई ऐकत होत्या. फळ्याशी आलेला मुलगा चुकतोय हे दिसत असूनही त्याचं पूर्ण होऊ देतात, तशा.

“काका, ऐकून मलाच रडू आलं,” त्या म्हणाल्या. “पण ही मी नाही.”

“अहो, कोर्टात थोडं रंगवावं लागतं.”

“त्या फोटोत मी खरंच हसत होते.”

हे मटकन खुर्चीत बसले. मग हळूहळू, लहान मुलाची समजूत काढावी तसं त्यांना सांगायला लागले की हे वाक्य तुम्ही इथे बोललात ते ठीक, तिथे चुकूनही बोलू नका. कायद्याच्या पुस्तकात काहीही लिहिलेलं असो, खुर्चीत बसलेल्या माणसाच्या डोक्यात पीडित बाईचं एक चित्र असतं. ती सुकलेली असते, घाबरलेली असते आणि कधीही हसत नाही. त्या चित्रात बसली ती सुटली. तुम्ही हसलात म्हणालात की मुलगी हातची गेली.

“असेल. पण मी हसत होते,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी त्या दिवसाचं सांगितलं.

त्या दिवशी तो सकाळपासून खुशीत होता. तळ्यावर त्यानं नाव भाड्यानं घेतली, वल्ही उलटी धरली, नाव जागच्या जागी गोल फिरवली आणि काठावरच्या लोकांना नाटकातल्या राजासारखा हात करत राहिला. लोक हसले, लेक हसली, बाईंनाही हसू आवरेना. मनगट तेव्हा दुखायचं अजून. तरी तो दिवस चांगला होता. असे चांगले दिवस खूप होते, त्या म्हणाल्या. वाईट दिवस त्यांच्यापेक्षा कमीच होते. त्या परत परत घरी गेल्या त्या या चांगल्या दिवसांसाठी. तक्रार मागे घेतली तीसुद्धा अशाच एका दिवशी.

“तो हसला की आम्हाला हसायची मोकळीक असायची, काका. कित्येक दिवसांचं साठलेलं असायचं. मग ते खरंच यायचं.”

मी मशीनवरचा हात काढून घेतला होता.

मग बाईंनी फोटो मागितला. तो घरी दिवाणखान्यात लावलेला होता, त्या रोज फडक्यानं पुसायच्या, पण त्यांना कधी काही दिसलं नव्हतं. नवऱ्यानं कोर्टात दिल्यावर त्याची प्रत हातात आली तेव्हा दिसलं. त्यांनी लेकीच्या चेहऱ्याजवळ बोट ठेवलं. “ही बघा कुठे बघतेय.”

मुलगी हसत होती, पण समोर बघत नव्हती. फोटो काढणाऱ्याकडे नाही, तळ्याकडे नाही. ती मान वर करून बापाच्या तोंडाकडे बघत होती. आता हसायचं का, किती हसायचं, कधी थांबायचं, ते तिथून समजून घेत होती. एवढीशी पोर.

ह्यांनी टुणकन उडीच मारली. खटला जिंकल्यासारखे खोलीभर फिरायला लागले. आता बघा कसं मांडतो, त्या डोळ्यांवरच अर्धा तास बोलतो, साहेबांच्या डोळ्यांत पाणी आणतो! आणि तिथल्या तिथे सुरूही झाले. त्या बालजीवाची ती भेदरलेली नजर, कोमल कळी, कुठल्याशा हरिणीचं पाडस. बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

“अहो,” मी म्हटलं, “हे तुम्ही बोलूच नका.”

“काय बोलू नको?”

“मुलगी कुठे बघतेय ते. त्या दिवसाचं बाईंना सांगू द्या. तुम्ही फक्त म्हणा, साहेब, फोटो पुन्हा एकदा बघा. आणि खाली बसा.”

ह्यांना आधी ही थट्टा वाटली. मग राग आला. चाळीस वर्षं बोलून पोट भरणाऱ्या माणसाला बायको म्हणते ऐन मोक्याच्या जागी तोंड मिटून बस. मी म्हटलं, तुम्ही दाखवलंत तर ते वकिलानं दाखवलेलं होईल. कातरी लगेच उठून म्हणतील की मुलं बापाकडे बघतातच. साहेबांना स्वतःला दिसलं तर ते साहेबांचं होईल, आणि स्वतःला दिसलेलं कोण खोडून काढतो?

बाईंना ते पटलं. “वर्गात मी फळ्यावर उत्तर लिहिलं की मुलं उतरवून घेतात आणि विसरतात,” त्या म्हणाल्या. “स्वतः काढलं की नाही विसरत.”

“आणि नाही दिसलं तर?” ह्यांनी विचारलं.

नाही दिसलं तर काय, ते तिघांनाही माहीत होतं. बाईंनी फोटो पाकिटात घातला, पाकीट पर्समध्ये ठेवलं. “काका, तुमची ती रडणारी बाई कदाचित जिंकेलही,” त्या उठताना म्हणाल्या. “पण मग लेकीला काय सांगू? की आपण कधी हसलोच नव्हतो?”

तारखेच्या दिवशी मी दुकान बंद ठेवलं आणि कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बसले. बाहेरच्या पाणी पिण्याच्या नळापाशी बायका मुलांना घेऊन ताटकळत होत्या. आत पंखा कुरकुरत होता. औषधवाला नवरा पहिल्या बाकावर, इस्त्रीच्या शर्टात. येणाऱ्याजाणाऱ्याला मान डोलवून नमस्कार करत होता. मलाही केला. मीही केला, सवयीनं.

कातरींनी उलटतपासणी सुरू केली. तुम्ही पदवीधर आहात? हो. पगार स्वतःच्या खात्यात येतो? हो. पोलिसांतली तक्रार स्वतःहून मागे घेतलीत? हो, पण... हो की नाही, एवढंच सांगा. हो. बाईंची “पण” एकामागून एक खाली पडत होती आणि साहेब लिहीत होते. मग कातरींनी फोटो पुढे केला.

“यात तुम्ही हसताय?”

“हो.”

“कुणी जबरदस्ती केली होती हसायची?”

“नाही. खरंच हसत होते.”

कोर्टात कुजबुज झाली. कातरींना आपल्या कानांवर विश्वास बसेना; त्यांनी तेच पुन्हा विचारून घेतलं आणि ऐटीत खाली बसले. साहेबांनी चष्मा वर केला आणि मला वाटलंच होतं ते विचारलं. “बाई, तुम्ही शिकलेल्या. कमावत्या. एवढा त्रास होता, तर राहिलात कशा?”

हे उठले. उलटतपासणीनंतर आपल्या साक्षीदाराला खुलाशापुरतं विचारता येतं. ह्यांनी एवढंच विचारलं, की फोटोतल्या त्या दिवशी काय काय झालं ते तुमच्या पद्धतीनं सांगा.

कातरी तटकन उभे राहिले. “साहेब, आपण इथे गोष्टी ऐकायला बसलो आहोत का?”

“फोटो तुम्हीच दिलाय,” साहेब म्हणाले. “ऐकू या.”

बाईंनी सांगितलं. नाव, उलटी वल्ही, राजासारखा हात. सांगताना त्या किंचित हसल्यासुद्धा. मनगट दुखत होतं तेही त्याच सुरात सांगितलं, परतीच्या वाटेवर लेक गाडीत झोपली तेही. दोन दिवसांनी दुकानातून फोन आला तेव्हा तो लगेच उचलला गेला नाही आणि मग काय झालं, ते सांगतानाही आवाज चढला नाही. कुणी टिपं गाळली नाहीत. “चांगले दिवस खोटे नव्हते, साहेब,” त्या म्हणाल्या. “त्यांच्यासाठीच राहिले. फक्त कुठला दिवस चांगला, ते ठरवायचं आमच्या हातात नव्हतं.” कातरींनी कापायला तोंड उघडलं होतं, पण कापायचं कुठे ते त्यांना सापडलं नसावं.

मग ह्यांची पाळी. मी बाकाची कड घट्ट धरली. समोर सगळं कोर्ट कान देऊन बसलेलं, असं ऐकणारं कोर्ट ह्यांना आयुष्यात मिळालं नव्हतं. कोमल कळी ओठांवर आलेली मला मागून दिसत होती. अशा वेळी ह्यांचे खांदे वर चढतात.

“साहेब,” हे म्हणाले, “फोटोत तीन माणसं आहेत. आपण तो पुन्हा एकदा बघावा, एवढीच विनंती.”

आणि हे खाली बसले.

साहेबांनाच ते चमत्कारिक वाटलं. पुढचं येईल म्हणून ते थांबले. “संपलं, वकीलसाहेब?” हे म्हणाले, संपलं. साहेबांनी फोटो घेतला, पाहिला आणि बाजूला ठेवला. कागद पुढे ओढले. गेलं, मी मनात म्हटलं. माझ्या शहाणपणापायी त्या पोरीचं वाटोळं झालं. बाई सरळ समोर बघत उभ्या होत्या. ह्यांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं नाही, त्याबद्दल मी ह्यांची जन्माची ऋणी आहे.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. परत लावलं. फोटो पुन्हा उचलला. चष्मा काढून डोळ्यांजवळ नेला. मग त्यांनी मान वर करून पहिल्या बाकावरच्या नवऱ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा फोटोकडे.

“मुलगी समोर बघत नाहीये,” ते म्हणाले. कुणाला उद्देशून म्हणाले नाहीत.

“मुलं बापाकडे बघतातच, साहेब,” कातरी म्हणाले.

“हसताना नाही बघत,” साहेब म्हणाले. “मला दोन आहेत.”

निकाल पुढच्या तारखेला लागला. मुलगी आईकडे राहील, वडिलांना भेटायचं तर कोर्टातल्या खोलीत, तिसऱ्या माणसासमोर. निकालात साहेबांनी कोरड्या भाषेत दोन वाक्यं लिहिली होती. घरात सुखाचे दिवसही होते, यावरून मारहाण झाली नाही असे ठरत नाही. बाई का राहिल्या हा प्रश्न हे न्यायालय आजवर पीडितेलाच विचारत आले; तो विचारण्याची आवश्यकता नाही. बाईंनी ती वाक्यं आमच्या दुकानात उभ्यानंच वाचली, पाणी मागितलं आणि प्यायल्या. मग लेकीच्या स्कर्टची कड अजून थोडी उसवता येईल का, असं विचारलं.

नवऱ्यानं वर अपील केलं. वरच्या कोर्टानं ती दोन वाक्यं उचलून आपल्या निकालात घातली. त्यानंतर दुसऱ्या शहरांतले वकील ती म्हणून दाखवायला लागले. आमचे साहेब स्वतः तो प्रश्न विचारेनासे झाले. “तुम्हाला जिथून सांगावंसं वाटेल तिथून सांगा,” असं म्हणतात, आणि एखादी बाई तीन उत्तरं देते तेव्हा तिन्ही लिहून घेतात. यामुळे कोर्ट रोज उशिरा सुटतं म्हणून कारकुनांची कुरकुर आहे. कातरी कोट न्यायला आले तेव्हा म्हणाले, “वहिनी, फोटो द्यायचे बंद केले मी. काय निघेल काही सांगता येत नाही.” मी म्हटलं, बाह्या अर्धा इंच कमी करू का? जास्त झाल्यात. ते बिचारे हो म्हणाले.

आणि मग साहेबांचा ह्यांना फोन आला. नव्यानं नेमलेल्या न्यायाधीशांचं प्रशिक्षण होतं, मोठ्या सभागृहात. तिथे या खटल्याबद्दल बोलायला पाल्हाळरावांनी यावं. साहेबांनी पाल्हाळराव असंच म्हटलं. वेळेचं बंधन नाही, असंही म्हणाले.

ह्यांना काय आनंद झाला! वेळेचं बंधन नाही, हे वाक्य ह्यांनी घरात इतक्यांदा म्हटलं की मी कान झाकून घेतले. मी काळा कोट पोटाशी सैल करून दिला. तालीम सुरू झाली, सकाळी चहाबरोबर, आंघोळीला जाताना. कुत्र्याची आईसुद्धा कुठून तरी आत शिरली. मी हसायची, हेही हसायचे. पण एके सकाळी हे म्हणता म्हणता थांबले. मी थांबवलं नव्हतं. खिडकीशीही गेले नाहीत. चपला घातल्या आणि बाईंच्या घरी गेले. काय बोलणं झालं ते विचारलं तर म्हणाले, कळेल.

सभागृह गच्च भरलं होतं. नवे न्यायाधीश, बरेचसे आमच्या मुलांच्या वयाचे, पुढ्यात कोऱ्या वह्या आणि पेनं. साहेबांनी ह्यांची ओळख करून दिली, टाळ्या झाल्या. हे मंचावर गेले, ध्वनिक्षेपक खाली-वर केला.

“मी या गोष्टीतला वकील होतो,” हे म्हणाले. “गोष्ट ह्यांची आहे. ह्यांनी सांगायचं कबूल केलंय.” आणि पहिल्या रांगेतल्या गणिताच्या बाईंकडे हात करून खाली उतरले, माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसले.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. आयुष्यभर “मुद्द्यावर या” ऐकलेल्या माणसाला कधी नव्हे ते बिनबंधनाचं व्यासपीठ मिळालं होतं. पुन्हा मिळणार नव्हतं. मी ह्यांच्याकडे पाहिलं, तर हे पुढे झुकून बाईंकडे बघत होते, लहान मुलं गोष्ट ऐकायला बसतात तसे. कोट मी उगाच सैल केला असं काही मला वाटलं नाही.

बाई बोलल्या. त्यांनी फोटोपासून सुरुवात केली नाही, मारापासूनही नाही. शाळेतला पहिला पगार, लग्नाआधीचं त्याचं बोलणं, असं आपल्या क्रमानं सांगत गेल्या. काही ठिकाणी सभागृह हसलं. काही ठिकाणी कुणाच्या खुर्चीचाही आवाज झाला नाही. संपल्यावर साहेबांनी विचारलं, कुणाला काही प्रश्न आहेत का? मग मागून एक तरुण न्यायाधीश बाई उठल्या. मला तोच जुना प्रश्न येतो की काय असं वाटलं.

“तुमची मुलगी आता कशी आहे?” त्यांनी विचारलं.

उत्तर गणिताच्या बाईंनी आधी ठरवलेलं नसावं.

“आता भांडते माझ्याशी,” त्या म्हणाल्या. “काल चिडून खोलीचं दार इतक्या जोरात आपटलं की शेजारी धावत आले. मी त्यांना सांगितलं, काही नाही हो, आमची मुलगी रागावली आहे.”